दुर्मीळ कोणासाठी? छातीतलं पाणी, किडनी आणि बेल्ह्याचा दवाखाना

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून “छातीत पाणी झालंय” असं सांगितलं की पुढचं वाक्य घरचेच पूर्ण करतात: टीबी असणार. रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर हृदयाचं नाव निघतं, बिडी ओढणारा असेल तर कॅन्सरची धास्ती बसते. बहुतेक रुग्ण या तीन उत्तरांत बसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्यांतल्या काहींच्या पाण्याचा उगम फुप्फुसात नसतो, हृदयातही नसतो. तो किडनीत असतो. हे सांगितलं की सामान्य माणूस विचारतो, “असं कुठं असतं का?” आणि जाणकार म्हणतात, “असतं, पण फार दुर्मीळ. ते मोठ्या हॉस्पिटलनं बघायचं.” पहिली प्रतिक्रिया अज्ञानातून येते आणि माहिती मिळाली की जाते. दुसरी शहाणपणाचा आव आणते, म्हणून ती सहजासहजी जात नाही. खरी उथळ आहे ती हीच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कुठलाही आजार सगळ्यांसाठी सारखाच दुर्मीळ नसतो. शंभर अनोळखी माणसांत जे कारण औषधालाही सापडणार नाही, तेच कारण गेल्या आठवड्यात पाठीतून मुतखडा काढलेल्या माणसाच्या बाबतीत यादीत पहिल्या दोनांत येतं. म्हणजे दुर्मीळ काय आणि नेहमीचं काय, हे रुग्णाच्या मागच्या इतिहासावर ठरतं. आणि हा इतिहास सर्वांत आधी आणि सर्वांत सलग कोणाला ठाऊक असतो? गावातल्या डॉक्टरला. म्हणून किडनीमुळे छातीत पाणी झाल्याची पहिली शंका पुण्यात नव्हे, बेल्ह्यात यायला हवी.

१. बेल्हेच का?

जुन्नर तालुक्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला नाणेघाट-माळशेजची पावसानं झोडपलेली बाजू आणि पूर्वेला पारनेरकडे सरकत जाणारा कोरडा पट्टा. बेल्हे या दुसऱ्या बाजूला, कल्याण-नगर महामार्गावर, आळेफाट्याच्या पुढे. सोमवारचा आठवडे बाजार आणि त्यातला बैलबाजार ही गावाची जुनी ओळख. कांदा लावणारा, काढणारा, गोणी भरणारा माणूस इथं दिवसभर उन्हात असतो, घाम भरपूर गाळतो आणि पाणी कमी पितो. लघवी घट्ट झाली की खडा धरायला निमित्त मिळतं. “मुतखडा झालाय” हे वाक्य या भागात कुणालाही नवं नाही.

उपचारांची शिडी मात्र लांब आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि खासगी दवाखाने, आळेफाट्याला खासगी रुग्णालयं, नारायणगावला ग्रामीण रुग्णालय, पुढे मंचरला उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी शंभरेक किलोमीटरवर पुणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे मुतखड्याची शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस आज गरिबाच्याही आवाक्यात आलं आहे. ते फार चांगलं झालं. पण त्यातून एक नवी परिस्थितीही तयार झाली आहे: माणसाचा खडा एका गावी निघतो, टाके दुसरीकडे निघतात आणि धाप लागल्यावर तो तिसऱ्याच डॉक्टरसमोर बसतो. तिन्ही ठिकाणी उपचार नीट झाले तरी या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावणारं कोणी नसतं.

२. पाणी म्हणजे आजार नव्हे

फुप्फुसावर दुपदरी पातळ आवरण असतं. दोन पदरांमधल्या जागेत निरोगी माणसाच्याही थोडा द्रव असतो, दोन-चार चमचे; श्वासागणिक फुप्फुस सरकायला तो लागतो. हा द्रव सतत झिरपत असतो आणि बाहेरच्या पदरातल्या सूक्ष्म लसिकावाहिन्या तो सतत शोषत असतात. शोषण्याची त्यांची ताकद झिरपण्याच्या कितीतरी पट असते. पाणी साचतं तेव्हा म्हणून दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते: निचरा अडलेला असतो किंवा आवक फार वाढलेली असते. एक्स-रेवर बरगड्यांखालचा टोकदार कोपरा बोथट दिसू लागतो तोवर साधारण दोनशे मिलिलिटर पाणी जमलेलं असतं.

या पाण्याचे दोन ढोबळ वर्ग पाडायची पद्धत १९७२ मध्ये रिचर्ड लाइट यांनी घालून दिली. आवरण स्वतः आजारी असेल तर पाण्यात प्रथिनं आणि एलडीएच हे द्रव्य जास्त सापडतं; आवरण धड असून दाबाचा किंवा रक्तातल्या प्रथिनांचा तोल बिघडला असेल तर दोन्ही कमी सापडतात. पहिल्या वर्गात टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर. दुसऱ्यात हृदय, यकृत, किडनी. ही विभागणी आजही जगभर वापरली जाते आणि ती उपयोगी आहे. पण ती सांगते ती पाण्याची जात, उगम नव्हे. उगम शोधायला रुग्णालाच प्रश्न विचारावे लागतात.

३. किडनीपासून छातीपर्यंतच्या सहा वाटा

किडनी पोटात असते असं आपण म्हणतो. खरं तर ती पाठीला चिकटून असते आणि तिचं वरचं टोक अकराव्या-बाराव्या बरगडीच्या आड जातं. फुप्फुसाचं आवरण पाठीकडून उतरत नेमकं तिथवर येतं. मधे असतो तो श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट वेगळं करणारा स्नायूचा पडदा. हा शेजार लक्षात घेतला की पुढचं काहीच अद्भुत वाटत नाही.

पहिली वाट, आणि सर्वांत विलक्षण, खुद्द लघवीची. लघवीची वाट खड्यानं, गाठीनं किंवा पुरस्थ ग्रंथीच्या वाढीनं तुंबली, अथवा इजेमुळे वा शस्त्रक्रियेत किडनीला भोक पडलं, की लघवी किडनीभोवती साचते. तिथून पडद्यातल्या छिद्रातून किंवा लसिकावाहिन्यांतून ती छातीत चढते. याला युरिनोथोरॅक्स म्हणतात. कोरिएरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये तुंबलेली किडनी हे छातीतल्या पाण्याचं कारण असू शकतं हे प्रथम मांडलं. २०१७ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी तोवर जगभर नोंदलेल्या रुग्णांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या हाती आले अवघे ७८ रुग्ण. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांशांत कारण होतं इजा, आणि इजेत शस्त्रक्रियाही आली. पाणी बहुधा एकाच बाजूला होतं. आजारी किडनी ज्या बाजूची, पाणी सहसा त्याच बाजूला साचतं.

दुसरी वाट पोटाच्या डायलिसिसची. पोटात नळी बसवून दर खेपेला साधारण दोन लिटर द्रव सोडतात आणि काही तासांनी काढून घेतात. श्वासपटलात जन्मतः एखादी बारीक फट असेल तर पोटातल्या दाबानं तो द्रव वर सरकतो, आणि बहुतेक वेळा उजव्याच बाजूला. या द्रवात ग्लुकोज भरपूर असल्यामुळे छातीतून काढलेल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या किती तरी वर जाते. जपानमधल्या १६१ केंद्रांनी १९८९ मध्ये ३,१९५ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा ५० जणांत हा प्रकार आढळला; म्हणजे साधारण साठांत एक.

तिसरी वाट प्रथिनांच्या गळतीची. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रथिनं जातात, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवीला फेस येतो आणि दोन्ही बाजूंना पाणी साचतं. हे कारण तसं दुर्मीळ नाही. पण त्यात एक धोका लपलेला असतो. अशा रुग्णाचं रक्त लवकर गोठतं, म्हणून पाणी एकाच बाजूला असेल, छातीत कळ असेल किंवा धाप अचानक वाढली असेल तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आहे का, हे आधी बघावं लागतं.

उरलेल्या तीन वाटा थोडक्यात. किडनी निकामी होऊन रक्तात साठलेल्या विषारी घटकांनी आवरणाला सूज येते आणि रक्तमिश्रित पाणी जमतं. बाकी सगळी कारणं बाद केल्यावरच हे निदान करायचं असतं. किडनीभोवती पू झाला, विशेषतः मधुमेही माणसात, तर शेजारच्या आवरणाला त्याची झळ लागून त्याच बाजूला पाणी होतं. आणि डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत बरेच दिवस नळी ठेवलेली असेल तर छातीतली मोठी शीर अरुंद होऊन चेहरा व हात सुजतात आणि छातीत पाणीही भरतं.

४. रिपोर्ट फसवतो तो असा

पाणी काढण्याची क्रिया नजरेसमोर आणा. रुग्ण खाटेच्या कडेला बसून पुढच्या टेबलावर हात टेकवतो, पाठीत औषध टोचून जागा बधिर करतात, बरगडीच्या वरच्या कडेनं सुई आत जाते आणि गवताच्या काडीसारखं पिवळट पाणी सिरिंजमध्ये उतरतं. लघवी आणि टीबीचं पाणी रंगानं ओळखू येत नाही. अमोनियाचा दर्प येऊ शकतो, पण स्पिरिटच्या वासात तो हरवतो. पाणी दोन-तीन बाटल्यांत जातं आणि फॉर्मवर नेहमीच्या खुणा होतात: प्रथिनं, साखर, पेशी, एलडीएच आणि टीबीत वाढणारं एडीए. या फॉर्मवर क्रिएटिनिनची खूण सहसा नसते. सगळा घोटाळा त्या एका न केलेल्या खुणेत आहे.

लघवीचं पाणी छातीत आलं की आकडे विचित्र येतात. पीएच कमी असतो, आणि कमी पीएच दिसला की डॉक्टरांच्या मनात पू, टीबी किंवा कॅन्सर येतो. साखर कमी असू शकते. तीही त्याच दिशेला बोट दाखवते. एलडीएच जास्त निघाला तर लाइट यांच्या निकषानुसार पाणी “आवरणाच्या आजाराच्या” गटात जाऊन बसतं. वर उल्लेखलेल्या आढाव्यातही निम्म्याहून थोड्याच अधिक रुग्णांचं पाणी दुसऱ्या गटात बसलं होतं. फक्त एक आकडा ओरडून सांगत असतो: एलडीएच जास्त असूनही प्रथिनं अगदी कमी. टीबीच्या पाण्यात प्रथिनं भरपूर असतात. ही विसंगती दिसली तर थांबायला हवं. पण ज्याच्या मनात किडनी नाही, तो ही विसंगती लॅबची चूक म्हणून सोडून देतो.

सोडवणूक मात्र अगदी साधी आहे. क्रिएटिनिन हा शरीरातला टाकाऊ पदार्थ; किडनी तो रक्तातून उचलून लघवीत कित्येक पट दाट करून टाकते. एरवी छातीतल्या पाण्यात तो रक्ताइतकाच किंवा कमी असतो. पाण्यातलं क्रिएटिनिन रक्तापेक्षा स्पष्ट जास्त निघालं तर त्या पाण्यात लघवी आहे, असंच समजून चालावं. अट एकच: दोन्ही नमुने एकाच वेळचे हवेत, कारण वेळ जाईल तसा फरक पुसट होत जातो. रक्तातलं क्रिएटिनिन तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये रोज होतं. तेच यंत्र, तेच रसायन, फक्त बाटली वेगळी.

५. दुर्मीळपणाचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे. ७८ हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, जगात ७८ आणि चर्चा बेल्ह्यात? या हिशेबात तीन चुका आहेत.

एक: नोंदलेले रुग्ण म्हणजे झालेले रुग्ण नव्हेत. निदान झालं, कोणी लिहून काढलं आणि नियतकालिकानं छापलं, एवढ्या तीन चाळण्यांतून उरलेला तो आकडा आहे. ज्या पाण्यात क्रिएटिनिन कोणी तपासलंच नाही, ते पाणी या आकड्यात येण्याचा प्रश्नच नाही.

दोन: भागाकार कशानं करायचा, हे चुकतं. सगळ्या जगाच्या लोकसंख्येनं भागलं तर उत्तर शून्याला टेकतं. पण समोरचा रुग्ण म्हणजे सगळं जग नव्हे. पोटाचं डायलिसिस चालू असलेल्या माणसाच्या उजव्या छातीत पाणी आलं तर साठांत एक हा आकडा त्याच्यासाठी आहे, आणि पाणी दिसल्यावर ती शक्यता आणखी कितीतरी वाढते. मुतखड्यासाठी बाराव्या बरगडीच्या वरून सुई घालावी लागली तर आवरणाला धक्का लागू शकतो, आणि अकराव्याच्या वरून घातली तर धोका आणखी वाढतो, हे मूत्ररोगतज्ज्ञ पक्कं जाणून असतात. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर ते छातीवर लक्ष ठेवतात. तेव्हा साचणारं पाणी रक्त असेल, धुण्यासाठी सोडलेला द्रव असेल किंवा लघवी; तिन्हीत रुग्णानं परत त्याच तज्ज्ञाकडे जायचं असतं. एका शाखेत जी ठाऊक असलेली गुंतागुंत, तीच शेजारच्या शाखेत दुर्मीळ आजार म्हणून मिरवते.

तीन: दुर्मीळ कारण चुकलं तर नुकसान किती, हे हिशेबात धरलंच जात नाही. तुंबलेली किडनी काही दिवसांत मोकळी केली तर सावरते. महिनोन्‌महिने तुंबून राहिली तर कायमची जाते. युरिनोथोरॅक्समध्ये स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून वाट मोकळी केली की छातीतलं पाणी झपाट्यानं ओसरतं. त्याऐवजी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स चालू झाला तर पाणी परत परत भरतं, किडनी हळूहळू मरते आणि किडनीवाटे बाहेर पडणारं इथॅम्ब्युटॉल अंगात साठून डोळ्यांच्या नसेवर बेतू शकतं. शक्यता लहान आणि तोटा मोठा असेल, आणि तपासणी जवळजवळ फुकट असेल, तर ती न करण्याला काटकसर म्हणत नाहीत.

६. शंका गावातच का यावी

सोमवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस दात बघतो, चालवून बघतो आणि आधी कुठं जुंपला होता ते विचारतो. छातीत पाणी झालेल्या माणसाच्या बाबतीत ही तिसरी चौकशी बहुधा राहून जाते. शहरातल्या छातीच्या तज्ज्ञापुढे रुग्ण येतो तो एक्स-रे घेऊन, खड्याची फाईल घरी असते, कारण “ते दुखणं वेगळं होतं.” रुग्णाचं यात काही चुकत नाही. पाठीतल्या खड्याचा आणि छातीतल्या पाण्याचा संबंध त्याला कसा लागावा?

गावच्या डॉक्टरला मात्र फाईल लागत नाही. या माणसाला कळा आल्या तेव्हा रात्री इंजेक्शन त्यानंच दिलेलं असतं. कुठं पाठवलं, काय झालं, परत आल्यावर ड्रेसिंग कोणी केलं, घरात डायलिसिसचं कोण आहे, कोणाच्या पायाला वर्षभर सूज आहे, हे त्याला, नर्सबाईंना आणि आशाताईंना ठाऊक असतं. मोठ्या हॉस्पिटलकडे यंत्रं आहेत. इतिहास मात्र गावाकडे आहे. आणि या विशिष्ट निदानात यंत्रापेक्षा इतिहास जास्त कामाचा, कारण काय तपासायचं हे तोच ठरवतो. शंका आली नाही तर पुण्यातलं सर्वांत महाग यंत्रही पाण्यातलं क्रिएटिनिन आपणहून मोजत नाही.

म्हणून प्राथमिक पातळीनं पाणी काढावं, असं मी म्हणत नाही. तिनं प्रश्न विचारावेत आणि उत्तरं चिठ्ठीवर लिहावीत, एवढंच म्हणतो. प्रश्न चार: गेल्या काही आठवड्यांत मुतखडा, किडनी, गर्भाशय किंवा पोटाची शस्त्रक्रिया, किंवा पाठीला मार? लघवी कमी होणं, अडकणं, कळ येणं? डायलिसिस चालू आहे का, असेल तर पोटाचं की रक्ताचं, आणि मानेत नळी होती का? सूज आणि फेसाळ लघवी? यांतल्या एकाचंही उत्तर “हो” आलं तर चिठ्ठीवर एक ओळ जावी: पाण्याचं आणि रक्ताचं क्रिएटिनिन एकाच वेळी करावं, किडनीची सोनोग्राफी करावी. पाणी किती आहे ते बघायला सोनोग्राफीचा प्रोब पाठीवर ठेवतातच. तो चार बोटं खाली सरकवला की किडनी दिसते. तुंबलेली असेल तर तिथल्या तिथं कळतं.

७. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार: जगातले सुमारे चतुर्थांश टीबीरुग्ण भारतात आहेत, छातीतल्या पाण्यात जंतू फार कमी असल्यानं सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही, अशा वेळी डॉक्टरनं अंदाजानं उपचार सुरू केले तर चूक काय? काहीच नाही, जर तो अंदाज पुराव्यावर उभा असेल. तरुण रुग्ण, ताप, एका बाजूला पाणी, भरपूर प्रथिनं, लिम्फोसाइट पेशींचं प्राबल्य आणि ४० च्या वर एडीए, एवढं जुळत असताना टीबीचे उपचार लांबवणं हा गुन्हाच. माझा विरोध टीबीला पहिलं स्थान देण्याला नाही. आकडे जुळत नसताना त्याला एकमेव स्थान देण्याला आहे.

दुसरा आक्षेप: गोळ्यांनी बरं वाटलं म्हणजे निदान बरोबर होतं. हा युक्तिवाद गावोगाव चालतो आणि तो फसवा आहे. टीबीचं पाणीसुद्धा बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप ओसरतं. आजार मात्र आत राहतो आणि पुढे डोकं वर काढतो. तसंच अडकलेला खडा पडून गेला तर लघवीची वाट आपोआप मोकळी होते, छाती कोरडी होते आणि श्रेय लाल-पिवळ्या गोळ्यांना मिळतं. पाणी गेलं हे खरं. ते कशामुळे गेलं, याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा: गरीब माणसावर आणखी एक तपासणी कशाला? प्रत्येक रुग्णाला ती करा, असं कोणी म्हणतच नाही. चार प्रश्नांपैकी एकाचं उत्तर “हो” असेल किंवा रिपोर्टमधले आकडे एकमेकांशी भांडत असतील, तेव्हाच करायची. आधीच काढलेल्या पाण्यातला थोडासा नमुना त्याला पुरतो. पुन्हा सुई नाही, पुन्हा पुण्याची फेरी नाही. चुकलेल्या निदानानंतर होणाऱ्या फेऱ्यांचं एसटी भाडं आणि बुडालेली मजुरी मांडली तर स्वस्त काय, हे वेगळं सांगायला नको.

चौथा आक्षेप उलट्या दिशेनं येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: किडनी, किडनी करत बसलात तर किडनीच्या रुग्णांतला टीबी सुटेल. अगदी खरं. किडनी निकामी झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती घटते आणि त्याला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पट असते. “डायलिसिसवाला आहे, पाणी होणारच” असं म्हणून नमुनाच न काढणं हाही तोच उथळपणा, फक्त दिशा बदललेली. अशा रुग्णाच्या छातीत पाणी होतं ते बहुतेकदा अंगात जादा पाणी साठल्यामुळे किंवा हृदय थकल्यामुळे, आणि डायलिसिस नीट झालं की ते कमी होतं. कमी झालं नाही, एकाच बाजूला राहिलं, ताप असला किंवा वजन उतरत असलं, तर नमुना काढून टीबी शोधलाच पाहिजे. एका कारणाची लेबलं लावून दुसऱ्या कारणाकडे पाठ फिरवायची नाही, हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

पाचवा आक्षेप: प्राथमिक केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात एवढा वेळ कुठला? वेळ नाही हे खरं. पण सगळ्या रुग्णांना नव्हे, छातीत पाणी झालेल्यांनाच हे प्रश्न विचारायचे आहेत, आणि असे रुग्ण रोज येत नाहीत. चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात.

८. येत्या काळात हे वाढणार

हा विषय जुना ठरण्याची शक्यता कमी. उलट तो गावाच्या आणखी जवळ येईल. दुर्बिणीतून आणि सुईच्या भोकातून खडा काढणं आता तालुक्या-तालुक्यात होऊ लागलं आहे. २०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक तत्त्वं आली. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडून घ्यायला बेल्ह्यातून किंवा त्याच्याही पलीकडच्या आणे-पठारावरून जाणं म्हणजे घरातल्या आणखी एका माणसाची मजुरी बुडणं. घरच्या घरी होणारं पोटाचं डायलिसिस अशा गावांना जास्त सोयीचं, ते वाढायलाच हवं. पण ते वाढेल तशी साठांत एकाला होणारी ही गुंतागुंतही गावात येईल, आणि तिचा पहिला साक्षीदार गावचा डॉक्टरच असेल. उपचार गावापर्यंत पोचवायचे आणि त्यांच्या धोक्यांची माहिती शहरातच ठेवायची, हे चालणार नाही. खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ छापायला काही खर्च नाही: धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब कळवा, आणि हे कार्ड दाखवा.

निकाल

किडनीमुळे छातीत पाणी होणं मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचं कोडं आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी. त्याची उकल चार प्रश्न, एक जादा बाटली आणि चार बोटं खाली सरकवलेला प्रोब यांत होते. यांतलं काहीही जुन्नर तालुक्याच्या आवाक्याबाहेर नाही. डॉक्टरांना विनंती एवढीच की चिठ्ठीवर “छातीत पाणी” लिहिल्यावर पेन खाली ठेवू नका. त्याखाली किडनीचा इतिहास लिहा, नसेल तर “नाही” असं लिहा. आणि वाचकांनो, तुमच्या घरात कुणाच्या छातीत पाणी झालं तर खड्याची, डायलिसिसची, जुन्या शस्त्रक्रियेची सगळी कागदपत्रं बरोबर न्या. कोणी विचारलं नाही तरी शस्त्रक्रिया कधी झाली आणि कोणत्या बाजूला झाली ते सांगा, आणि पाण्याचं क्रिएटिनिन तपासलं का, असं न संकोचता विचारा.